ट्यूक्सबरी : दोन नद्यांनी आखून दिलेलं बाजाराचं गाव

तुम्ही विचारलंय की मुलाकडे बर्मिंगहॅमला तीन महिने मुक्काम आहे, लंडन बघून झालं, आता इंग्लंडमधलं नदीकाठचं एखादं जुनं बाजाराचं गाव नीट समजून घ्यायचंय. इतिहास आणि भूगोल दोन्ही. गाव कोणतं निवडावं आणि तिथे काय बघावं?

मी मूळची सांगलीची, गेली काही वर्षं चेल्टनहॅमला राहते. माझं उत्तर एकच आहे : ट्यूक्सबरी. ग्लॉस्टरशायरमधलं हे गाव माझ्या घरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे आणि मी तिथे किती वेळा गेले ते आता आठवतही नाही. मला ते आवडतं त्याचं कारण सरळ आहे. या गावातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पाण्यामुळे झालेली आहे. गाव कुठे वसलं, किती वाढलं, घरं अशी चिकटून का उभी आहेत, लढाई इथेच का झाली, सगळ्याचं उत्तर नदीपाशी जातं. म्हणून आधी भूगोल बघू.

सेव्हर्न ही ब्रिटनमधली सगळ्यात लांब नदी, 354 किलोमीटर. वेल्सच्या डोंगरात उगम पावते आणि मोठं वळण घेत ब्रिस्टलच्या खाडीकडे जाते. तिला पूर्वेकडून येऊन मिळते एव्हन. वेल्श भाषेत ‘आवोन’ म्हणजेच नदी, तेव्हा ‘रिव्हर एव्हन’ म्हणजे ‘नदी नदी’. या नावाच्या नद्या इंग्लंडमध्ये बऱ्याच आहेत. ही शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डवरून येणारी. या दोघींचा संगम ट्यूक्सबरीला होतो.

पण नकाशा नीट पाहिला तर संगम एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी दिसतो. एव्हनचा जुना प्रवाह गावाच्या वरच्या अंगाला सेव्हर्नला मिळतो. दुसरा फाटा गावाला खेटून वाहतो आणि खाली जाऊन मिळतो. या फाट्याला मिल एव्हन म्हणतात. मठातल्या साधूंनी पाणचक्की चालवण्यासाठी मध्ययुगात खणलेला तो पाट आहे, असं मानतात. पाट म्हणून खणलेलं पाणी आज नदीच वाटतं. मिल एव्हन आणि सेव्हर्न यांच्या मध्ये जे बेट उरलं ते सेव्हर्न हॅम, अफाट पसरलेलं गवताचं कुरण. आणखी दोन ओढे आहेत : उत्तरेला कॅरंट, आणि पूर्वेकडून दक्षिणेला वळसा घालणारा स्विलगेट. म्हणजे चारी बाजूंनी पाणी, आणि मध्ये जरासा उंचवटा. त्या उंचवट्यावर गाव.

आपल्याकडे कृष्णाकाठी मळीची जमीन कोणाची आणि गावठाण कुठून सुरू होतं हे जुन्या माणसांना डोळे मिटून सांगता येतं. ट्यूक्सबरीतही तसंच आहे. पाणी दरवर्षी कुठवर येतं हे हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी घरं त्या रेषेच्या वर बांधली.

गावाचं नाव थिओक नावाच्या एका सॅक्सन साधूवरून पडलं असं सांगतात. बाजाराची नोंद मात्र दंतकथा नाही. 1086 साली, नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या विल्यम राजाने देशभरची मोजदाद करून घेतली, त्या दप्तरात ट्यूक्सबरीला राणीने बाजार बसवल्याचा उल्लेख आहे. ही राणी म्हणजे विल्यमची बायको माटिल्डा. म्हणजे इथल्या बाजाराला सव्वानऊशे वर्षं उलटून गेली आहेत. आजही बुधवार-शनिवार बाजार भरतो. ऑक्टोबरमध्ये मॉप फेअर नावाची जत्रा भरते. आता तिथे पाळणे आणि खाऊच्या गाड्या असतात, पण मुळात ती गडी आणि मोलकरणी वर्षाच्या बोलीवर ठेवून घेण्याची जत्रा होती. आपली सालगड्याची पद्धत आठवून बघा, लगेच कळेल.

गावाच्या मुख्य रस्त्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे. हाय स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि बार्टन स्ट्रीट या तीन वाटा ‘द क्रॉस’ या चौकात मिळतात. एक उत्तरेला वूस्टरकडे, एक दक्षिणेला ग्लॉस्टरकडे, एक पूर्वेला. पश्चिमेला वाट नाही, तिकडे पाणी. या तीन रस्त्यांच्या कडेने लांबट, अरुंद जागा आखून दिलेल्या होत्या : पुढे दुकान, मागे घर, त्यामागे परसू. लोकसंख्या वाढली तेव्हा गावाला बाहेर पसरता येईना, कारण बाहेर पुराची जमीन. मग लोकांनी परसात घरं बांधली. त्या घरांकडे जायला पुढच्या दुकानाच्या पोटातून बोळ काढला. असे नव्वदेक बोळ एके काळी होते, आज तीसच्या आसपास उरले आहेत.

तुम्ही गेलात तर एवढं नक्की करा. हाय स्ट्रीटवरून चालताना दोन दुकानांच्या मध्ये दारासारखी फट दिसली की आत शिरा. खांदे घासतील इतपत अरुंद, वर लाकडी तुळया, आणि पलीकडे एकदम उजेड, एखादं छोटं अंगण, कधी थेट नदीचा काठ. पुण्यातल्या पेठांमध्ये किंवा वाईत वाड्यांमधले बोळ ज्यांनी पाहिलेत त्यांना फार परकं वाटणार नाही. चर्च स्ट्रीटवरच्या अशाच एका बोळात इंग्लंडमधल्या जुन्या बाप्टिस्ट प्रार्थनाघरांपैकी एक आहे. बाहेरून ते साधं घर वाटतं. सरकारी चर्चपेक्षा वेगळी उपासना करणं ज्या काळात धोक्याचं होतं, त्या काळात बोळाच्या आत लपलेलं घर का सोयीचं होतं, हे तिथे उभं राहिल्यावर आपोआप उमजतं.

या दाटीचं दुसरं रूपही विसरू नये. एकाच परसात कित्येक कुटुंबं, एकच विहीर, शेजारीच घाण. 1832 मध्ये कॉलरा आला तेव्हा या बोळांमध्ये माणसं मेली. आज आपण ज्यांचे फोटो काढतो ती गोड दिसणारी घरं गरिबांची होती. सेंट मेरीज लेनमध्ये मोजे विणणाऱ्या कारागिरांची घरं जपली आहेत. त्यांच्या वरच्या मजल्याला भिंतभर लांबट खिडकी आहे, कारण विणायच्या यंत्रावर उजेड पडायला हवा. शोभेची एकही गोष्ट त्या घरांत नाही, आणि मला गावातली सगळ्यात आवडती इमारत कोणती विचारलं तर मी ती दाखवीन.

अर्थात सगळे लोक येतात ते ॲबी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचं चर्च, बघायला. रॉबर्ट फिट्झहेमन या नॉर्मन सरदाराने 11व्या शतकाच्या शेवटी मठाचं काम काढलं आणि 1121 मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. त्यासाठी नॉर्मंडीतला दगड समुद्रमार्गे आणि मग सेव्हर्नवरून वर आणला असं म्हणतात. मधला चौकोनी मनोरा सुमारे 45 मीटर उंच आहे आणि नॉर्मन काळातल्या मनोऱ्यांमध्ये त्याची गणना सगळ्यात भव्य म्हणून होते. आत चौदा जाडजूड गोल खांब आहेत. त्यातल्या एकाला हात लावून उभं राहिलं की आपण किती लहान आहोत ते जाणवतं.

पण मला त्या वास्तूपेक्षा ती वाचली कशी याची गोष्ट मोठी वाटते. आठव्या हेन्रीने देशातले मठ बरखास्त केले. ट्यूक्सबरीची पाळी जानेवारी 1540 मध्ये आली. मठ पाडायचा, छपराचं शिसं आणि घंटा विकायच्या, असा शिरस्ता होता. गावकऱ्यांनी सांगितलं की चर्चच्या मोठ्या दालनात आम्ही पिढ्यान् पिढ्या प्रार्थना करतोय, ते आमचं गावचर्च आहे. आणि शिसं व घंटांच्या किमतीपोटी 453 पौंड मोजून त्यांनी चर्च विकत घेतलं. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि ती देणारे व्यापारी, कारागीर, शेतकरी होते. साधूंच्या राहण्याच्या बहुतेक इमारती गेल्या, चर्च राहिलं. बाजारात कमावलेल्या पैशाने गावाने आपलं देऊळ सोडवून आणलं, असं मी माझ्या आईला सांगितलं होतं आणि तिला ते लगेच पटलं.

ॲबीच्या समोरच्या बाजूला 15व्या शतकातल्या लाकडी घरांची एक सलग रांग आहे. मठानेच बांधून भाड्याने दिलेली ती दुकानं. दर्शनी झडप खाली पाडली की तिचाच माल मांडायचा ओटा व्हायचा. आपल्याकडे जुन्या पेठेत फळ्यांची दुकानं असायची, त्यांचे लांबचे भाऊबंद. त्यातलं एक घर मध्ययुगात असावं तसं मांडून ठेवलंय, ते चुकवू नका.

आता लढाई. गुलाबांची युद्धं म्हणून जे भाऊबंदकीचं भांडण इंग्लंडमध्ये चाललं, त्यात 4 मे 1471 ही तारीख फार महत्त्वाची. लँकेस्टर पक्षाची राणी मार्गारेट आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला, राजपुत्र एडवर्डला, घेऊन फ्रान्सहून परतली होती. तिला वेल्समध्ये जाऊन तिथली कुमक गाठायची होती. वेल्समध्ये जायचं तर सेव्हर्न ओलांडायला हवी. ग्लॉस्टरला पूल होता, पण शहराने वेशीचे दरवाजे लावून घेतले. मग उन्हातून तहानलेलं सैन्य तसंच पुढे ट्यूक्सबरीपर्यंत रेटलं. इथे पूल नव्हता, होता तो ‘लोड’, म्हणजे नदी उतरून जायची जागा. मागे यॉर्क पक्षाचा राजा चौथा एडवर्ड पाठलागावर. दमलेली फौज, तोफा, सामान घेऊन शत्रू पाठीशी असताना नदी उतरणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लढावंच लागलं. राजपुत्र मारला गेला. पळणारे नदीकडच्या कुरणात कापले गेले, त्या शेताला आजही ‘ब्लडी मेडो’ म्हणतात. ॲबीत आसरा घेतलेल्या ड्यूक ऑफ सॉमरसेटला दोन दिवसांनी गावात शिरच्छेदाची शिक्षा झाली. राजपुत्राला ॲबीतच पुरलंय, मनोऱ्याखाली जमिनीत पाटी आहे. एक पूल असता तर इंग्लंडच्या गादीवर कोण बसलं असतं, हा विचार त्या पाटीपाशी दरवेळी माझ्या मनात येतो.

दर जुलैत या लढाईचा उत्सव होतो, आणि उन्हाळाभर हाय स्ट्रीटवर लढलेल्या सरदारांच्या चिन्हांचे झेंडे लावलेले असतात.

सेव्हर्नवर इथे पूल झाला तो थेट 1826 मध्ये, टॉमस टेलफर्डचा माइथ ब्रिज. ओतीव लोखंडाची एकच कमान, 170 फुटांची, आणि तिच्यावरून अजून वाहनं जातात. तोवर नदी हाच हमरस्ता होता. ‘ट्रो’ नावाच्या सपाट बुडाच्या होड्या ब्रिस्टलपासून वरच्या लोहकारखान्यांपर्यंत माल नेत-आणत, आणि ट्यूक्सबरीचं धान्य त्यांच्यातून खाली जाई. वारा नसला की काठावरून माणसं दोराने होडी ओढत. 17व्या शतकात एव्हनही होड्यांसाठी मोकळी केली. मग 1840 मध्ये रेल्वे आली, पण मुख्य मार्ग तीनएक किलोमीटर पूर्वेला ॲशचर्चवरून गेला आणि गावाला नुसता फाटा मिळाला. नदीचा व्यापार आटला, रेल्वेची भरभराट शेजारच्या शहरांकडे गेली. गावाकडे जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसाच राहिला नाही. आज आपल्याला ती काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची घरं दिसतात ती त्यामुळे.

मोहरीबद्दलही सांगते. ट्यूक्सबरीची मोहरी एके काळी देशभर प्रसिद्ध होती. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ एका माणसाची अक्कल ट्यूक्सबरीच्या मोहरीइतकी ‘जाड’ आहे म्हणतो, इतकी ती लोकांना ठाऊक होती. मोहरी कुटून, हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाबरोबर मळून तिचे गोळे वाळवत आणि विकत. गोळा फोडायचा, व्हिनेगर किंवा सायडरमध्ये कालवायचा, झालं. लोणच्याची मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका ज्यांना माहीत आहे त्यांना तिची चव वेगळी सांगायला नको. गावात अजून बरणीत मिळते.

आणि पूर. सांगलीत पावसाळ्यात एकमेकांना पहिला प्रश्न असतो, “आयर्विनला (कृष्णेवरच्या आमच्या पुलाला) किती फूट?” इथे माइथची पातळी तशीच विचारतात. वेल्समध्ये पडलेला पाऊस सेव्हर्नने इथे यायला दिवस लागतात. सेव्हर्न चढलेली असली की एव्हनचं पाणी पुढे सरकत नाही, तिला फुगवटा येतो, आणि मग ओढेही मागे तुंबतात. बहुतेक हिवाळ्यांत हॅमचं कुरण हे सगळं पाणी पोटात घेतं. कुरण तळं होतं, गाव कोरडं राहतं. कुरणावर कोणी घर बांधत नाही ते यासाठी.

20 जुलै 2007 ला मात्र एका दिवसात महिन्याभराहून जास्त पाऊस कोसळला. आधी ओढे फुटले, मग दोन्ही नद्या चढल्या. गावाकडे येणारे रस्ते बुडाले. ॲबी पाण्याने वेढलेलं बेट झाली. तो आकाशातून काढलेला फोटो तुम्ही कदाचित पाहिला असेल. ॲबीच्या आत पाणी शिरलं, 1760 नंतर पहिल्यांदा. माइथचं जलशुद्धीकरण केंद्र बुडाल्याने सुमारे साडेतीन लाख लोकांचे नळ बंद पडले, काहींचे दोन आठवड्यांहून अधिक. गावात तिघांचे जीव गेले. सांगलीत 2005 चा महापूर आम्ही पाहिला होता, दोनच वर्षांनी हा. त्या फोटोत माझं लक्ष एका गोष्टीकडे जातं : सगळीकडे तपकिरी पाणी, आणि ॲबीभोवती हिरवळीचा थोडा तुकडा कोरडा. जागा निवडणाऱ्यांनी ती किती विचार करून निवडली होती!

जायचं कसं? बर्मिंगहॅमहून ॲशचर्च फॉर ट्यूक्सबरी स्टेशनला काही गाड्या थांबतात, वेळ आधी बघून घ्या. तिथून बस, किंवा चालत पाऊणएक तास. शक्यतो बुधवारी किंवा शनिवारी जा. आधी बाजार, मग बोळ, मग ॲबी. दुपारी ॲबी मिलजवळून पाणी ओलांडून हॅमवर चला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गवत कमरेएवढं असतं, आखलेली पायवाट सोडू नका, आत पक्ष्यांची घरटी असतात. सेव्हर्नच्या काठापर्यंत गेलात की वळून गावाकडे बघा. पाण्यापलीकडे घरांची एकच ओळ, वर मनोरा, आणि तुमच्या पायाखाली सगळी पुराची माती. पावसाळी बूट न्या, तिथे चिखल उन्हाळ्यातही असतो.