वॉर्डातून फोन आला की आधी एवढंच विचार

प्रिय बाय,

न्यूक्लियर मेडिसिनला लागलीस, बरं वाटलं. तू विचारलंस की एंडोस्कोपी झाली, कोलोनोस्कोपी झाली, दोन्हीत काही नाही आणि तरी शीतून रक्त जातंच आहे, असा पेशंट आरबीसी स्कॅनला (लाल पेशींना किरणोत्सर्गी टेक्नेशियम लावून रक्त कुठे गळतंय ते बघणं) पाठवला तर काय बघायचं. तर वॉर्डातून फोन आला की पहिलं विचारायचं, रक्त आत्ता जातंय का? काळी शी काल झाली होती की आज, आयर्नच्या गोळ्या चालू आहेत का (त्यानेही शी काळी होते), हिमोग्लोबिन पडतंय का. जात असेल तर कॅमेरा मोकळा कर, उद्याचा स्लॉट देऊ नकोस. हे रक्त थांबून थांबून जातं, आपल्याकडे काणकोण नाहीतर वाळपईहून माणूस येऊन पोचेपर्यंतही थांबलेलं असू शकतं, मग स्कॅन नॉर्मल येतो आणि सगळ्यांना वाटतं काही नव्हतंच. आणि बीपी टिकत नसेल तर आपल्या टेबलावर तासभर ठेवायचा नाही, त्याला सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) किंवा सरळ अँजिओग्राफी (रक्तवाहिनीत नळी घालून घेतलेले फोटो).

छोटं आतडं साधारण 6 मीटर, वरचा स्कोप ड्युओडेनमपर्यंत (त्याचा पहिला भाग) आणि खालचा फार तर इलियमच्या (त्याचा शेवटचा भाग) शेवटच्या टोकापर्यंत, मधलं सगळं राहतंच. आपला फायदा काय, तर टेक्नेशियम लावलेल्या लाल पेशी कित्येक तास रक्तात फिरत राहतात, म्हणजे रक्त मध्येच सुटलं तरी सापडतं, आणि मिनिटाला 0.1 मिली इतकं हळू गळत असलं तरी दिसू शकतं. अँजिओग्राफीला साधारण 0.5 ते 1 मिली लागतं.

लेबलिंगकडे, म्हणजे पेशींना टेक्नेशियम चिकटवण्याकडे, मात्र नीट लक्ष दे. जमेल तिथे इन व्हिट्रो, म्हणजे रक्त बाहेर काढून नळीत, कर. नीट नाही झालं तर सुटा परटेक्नेटेट (पेशींना न चिकटलेलं टेक्नेशियम) जठरात जमतो, तिथून पुढे आतड्यात सरकतो आणि हुबेहूब ब्लीडसारखा दिसतो. शंका आली तर मानेचा एक फोटो घे, थायरॉइड उजळलेलं दिसलं की समजायचं लेबलिंग बिघडलंय.

आता वाचणं. एकेक फोटो बघत बसू नकोस, सिने लाव (सगळे फोटो सिनेमासारखे ओळीने) आणि पुन्हा पुन्हा बघ. समज पोटाच्या मधोमध, महाधमनीच्या डावीकडे एक बारीक ठिपका उगवला, दोन फ्रेमनंतर जरा गडद झाला, मग वळण घेत खाली सरकला, पुन्हा थोडा मागे आला. हे छोटं आतडं. मोठ्या आतड्यातलं रक्त कडेकडेने, चौकटीसारखं जातं. जो ठिपका तासभर हललाच नाही तो बहुतेक किडनी किंवा रक्तवाहिनी, तिथे स्पेक्ट-सीटी (त्रिमितीय स्कॅन आणि सीटी एकत्र) करून घे. जागा सांगायची ती ठिपका पहिल्यांदा जिथे दिसला तिथली, रक्त नंतर जाऊन साचलं तिथली नव्हे. रात्री उशिराच्या फोटोत सीकममध्ये (मोठ्या आतड्याची उजवीकडची सुरुवात) साठा दिसला तर मधल्या वेळात कुठेतरी रक्त गेलं एवढंच कळतं, आणि त्या फोटोवरून कुणी उजवं कोलन काढायला निघालं तर तू स्पष्ट नाही म्हण, समोर कितीही सीनियर असो.

लहान मूल असेल आणि न दुखता रक्त गेलं असेल तर आधी मेकल्स स्कॅन (मेकल्स डायव्हर्टिक्युलम म्हणजे छोट्या आतड्याला जन्मतःच असलेली पिशवी). त्यात नुसता परटेक्नेटेट द्यायचा, तो डायव्हर्टिक्युलममधल्या जठरासारख्या अस्तराने घेतला जातो, त्यामुळे त्या वेळी रक्त चालू असायची गरजच नसते. पण हा स्कॅन आरबीसी स्कॅनच्या आधीच झाला पाहिजे, कारण आपण लेबलिंगसाठी टिन दिलं की पुढचे काही दिवस परटेक्नेटेट लाल पेशींनाच चिकटतो.

पॉझिटिव्ह दिसला की रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघू नकोस, पेशंट टेबलावर असतानाच सर्जनला आणि इंटरव्हेन्शनवाल्याला (रक्तवाहिनीत कॅथेटर घालून रक्त थांबवणारा) फोन कर. कितव्या मिनिटाला दिसलं, डावीकडे वर जेजुनम (छोट्या आतड्याचा मधला भाग) वाटतंय की उजवीकडे खाली इलियम, आणि अजून चालू आहे का, हे तिन्ही सांग. नुसतं 'स्मॉल बॉवेल ब्लीड' ऐकून त्यांना कॅथेटर कुठे घालायचा ते कळत नाही.