‘मी त्यांच्यावर ओरडले, मॅडम’

“ज्याला तोंडानं एक शब्द बोलता येत नाही, अशा माणसावर मी ओरडले, मॅडम. बायको म्हणवून घ्यायच्या लायकीची राहिले नाही मी.”

समुपदेशनासाठी आलेल्या लक्ष्मीताई माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या, तोवर हे बोलून गेल्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची संमती आहे.) वय 44. घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. त्या विड्या वळतात, यजमान टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे कारागीर. आषाढ संपता संपता एका पहाटे ते अंथरुणातून उठायला गेले तर उजवा हात-पाय उचलेना आणि जीभ वळेना. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा अडला होता. डाव्या बाजूला इजा झाली की उजवं अंग लुळं पडतं आणि पुष्कळदा वाचाही जाते. तेच झालं.

तेव्हापासून ताई दवाखान्यातच होत्या. दिवसा खाटेजवळ स्टुलावर, रात्री खाटेखाली चटईवर. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन मेडिकलला पळायचं. राऊंडला डॉक्टर आले की फाईल घेऊन उभं राहायचं. घरी जायचं ते अंघोळीपुरतं, तेही रिक्षात बसल्या बसल्या ‘मागे काही झालं तर’ हा धसका घेऊन.

आजारी माणसाजवळ थांबणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पोटात हा प्रश्न असतो. मुलगा असो, सून असो, बायको असो. ज्याच्यासाठी जीव काढतोय त्याचाच राग येतो, मग माझी माया आटली का? आणि त्याला लागून दुसरा: मी एक रात्र घरी जाऊन झोपले तर मी स्वार्थी का? फार थोडे जण हे उघड विचारतात. बाकीचे पाठदुखी, पित्त, झोप न लागणं अशा तक्रारी सांगत राहतात. लक्ष्मीताईंनी सरळ विचारलं, म्हणून त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

मी आधी त्या दिवसाबद्दल विचारलं. तो दिवस होता नारळी पौर्णिमेचा.

सोलापुरात या दिवशी पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो. पद्मशाली या विणकर समाजाचा हा मोठा सण. भिवंडीपासून तेलंगणापर्यंतचे पाहुणे गावात असतात. त्यात राखीपौर्णिमा. ‘आलोच आहोत तर दवाखान्यात डोकावून जाऊ’ असं म्हणून सकाळपासून माणसं येत होती. प्रत्येकाला सुरुवातीपासून सगळं ऐकायचं होतं. कधी झालं, कसं झालं, बीपीची गोळी चुकवली होती का, आधी कुठं नेलं, तिथं का नेलं. ताई तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि प्रत्येक वेळी त्यातून अर्थ एकच निघत होता, की कुठंतरी तुमचंच चुकलं. एका मामांनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सांगितलं, “आमच्या साडूला असंच झालं होतं. सहा महिने काढले कसेबसे.” पेशंट डोळे उघडे ठेवून ऐकत होता.

मग दुपारी नणंद आली. भावावर जीव असलेली बहीण. राखी उजव्या मनगटावर बांधायची, म्हणून तिनं तो लुळा हात धरून वर ओढला. अशा हाताचा खांदा सैल पडलेला असतो. ओढला की सांधा दुखावतो. त्यांचा चेहरा वेदनेनं वाकडा झाला. बहिणीला वाटलं, भावाला भरून आलं. तिनं पेढ्याचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला.

नाकातली नळी निघून दोनच दिवस झाले होते. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही कमजोर होतात. अन्न, पाणी श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पाठ टेकवून ताठ बसवायचं, मऊ दाटसर खाणं चमच्यानं थोडं थोडं द्यायचं, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा, असं ताईंना शिकवलं होतं. पेढा घशाशी चिकटला. ठसका लागला, चेहरा लाल झाला, सिस्टर धावत आल्या. वेळेवर निस्तरलं. पण बोलणी ताईंना बसली: तुम्ही जवळ होतात ना, मग बघत काय होता?

रात्री सगळे गेले. ताई पेज भरवत होत्या. यजमानांनी डाव्या हातानं वाटी भिरकावली. पेज चादरीवर, ताईंच्या साडीवर. आणि त्या ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांनी मला सांगितलं. इथं लिहायचं कारण नाही. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक उठून बसले होते, एवढं पुरे.

मी त्यांना म्हटलं, “ताई, एक सांगा. तो पेढा तुम्ही भरवला होता का?” नाही. “साडूची गोष्ट तुम्ही सांगितली?” नाही. “सलग चार तास झोप शेवटची कधी झाली?” त्या आठवत बसल्या आणि रडायला लागल्या. मी रडू दिलं. रडणाऱ्याला पाण्याचा ग्लास लगेच पुढे करू नये असं माझं मत आहे. आपल्याला त्याचं रडणं सोसत नाही म्हणून आपण ग्लास पुढे करतो.

नंतर मी जे सांगितलं ते इथंही स्पष्ट सांगते. राग येणं हा माया आटल्याचा पुरावा नाही. झोप तुटलेलं, उपाशीपोटी पळणारं, दिवसभर दुसऱ्यांची बोलणी गिळणारं शरीर शेवटी कुणावर तरी उसळतंच. जवळ असतो तो पेशंट, म्हणून त्याच्यावर. आणि त्यांनी वाटी फेकली त्यालाही कारण होतं. हात दुखावला होता, ठसक्यानं जीव घाबरा झाला होता, आणि यातलं काहीही सांगायला शब्द नव्हते. दोघंही एकाच दिवसानं भाजून निघाले होते.

“पण त्यांना कळलं असेल का मी काय बोलले ते?”

हे फार महत्त्वाचं आहे. वाचा गेली म्हणजे समज गेली असं धरून चालू नये. काहींना बोललेलं बरंचसं कळतं, काहींना थोडं. नेमकं किती ते डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट तपासून सांगतात. मात्र वागायचं ते सगळं कळतंय असं धरूनच. म्हणून मी ताईंना त्यांच्याशी बोलायला सांगितलं. घरच्या भाषेत, तेलुगूत, समोर बसून, छोट्या वाक्यांत. ‘काल मी ओरडले. मी दमले होते. तुमची चूक नव्हती.’ एवढंच. खुलासे करत बसायचं नाही, माफ करा म्हणून पाय धरायचे नाहीत. त्यांनी तसं केलं. यजमानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी भरवताना त्यांनी चमचा स्वतःच्या डाव्या हातात मागितला, आणि ताईंनी तो दिला. मला विचाराल तर ही माफीपेक्षा मोठी गोष्ट झाली. भरवून घेणं हे प्रौढ माणसाला किती झोंबतं, याचा विचार आपण करत नाही.

नुसतं समजून घेऊन मात्र झोप मिळत नाही. मी कागद घेतला आणि म्हटलं, “गेल्या आठवड्यात जे जे बघायला आले, त्यांची नावं सांगा.” कागद भरला. “यातलं रात्री कोण थांबलं?” कुणीच नाही. “तुम्ही कुणाला म्हणालात का, थांबा म्हणून?”

“कसं म्हणायचं हो? बायकोचंच काम ते.”

इथं आमचा बराच वेळ गेला. बाईनं मदत मागितली की ती कमी पडली, असं आपल्याकडे घराघरात शिकवलेलं आहे. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्यही मला आवडत नाही. सांगायचा भार पुन्हा त्या दमलेल्या माणसावरच. म्हणून आम्ही उलटं केलं. प्रत्येक नावापुढे एक ठरावीक काम लिहिलं, दिवस आणि वेळ घालून. गणवेशाच्या कारखान्यात शिवणकाम करणारा पुतण्या: आठवड्यातून तीन रात्री. नणंदेचे यजमान: महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी रेशन कार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाकडे, बसणं. शेजारीण: ताईंसाठी डबा, त्यात लवकर खराब होणार नाही असं काहीतरी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली तरी चालेल. बारावीतली मुलगी: कॉलेज सुटल्यावर तासभर वडिलांशेजारी, अभ्यासाची वही घेऊन. आणि चौकशीच्या फोनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पुतण्या रोज संध्याकाळी एक मेसेज टाकेल, ताईंना कुणी फोन करायचा नाही.

नणंदेला मी दवाखान्यातच भेटले, ताईंच्या परवानगीनं. पेढ्याचा विषय काढताच ती रडवेली झाली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. भेटायला येणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं: काळजी खरी असते, पण काय करायचं ते माहीत नसतं, म्हणून माणूस प्रश्न विचारतो, खायला आणतो, दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट सांगतो. तिला मी सांगितलं ते असं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. हात धुऊन जवळ जा, सर्दी-खोकला असेल तर येऊच नका. उभं राहून वरून बोलू नका, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. मोठ्यानं बोलायची गरज नाही, कान शाबूत आहेत. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. त्याच्या वतीनं तुम्हीच उत्तर देऊन टाकू नका. तो एकदम रडला तर घाबरू नका, मेंदूच्या इजेमुळेही असं रडू किंवा हसू आवरत नाही. तोंडात काहीही घालण्याआधी सिस्टरना विचारा. आणि निघताना ‘येते’ म्हणण्याआधी थांबणाऱ्या माणसाला म्हणा, ‘तू तासभर बाहेर जाऊन ये, मी बसते.’ आजाऱ्याला भेटायला जाण्यातलं हे सगळ्यात मोलाचं काम, आणि हेच सगळ्यात कमी जण करतात.

पहिल्या रात्री ताई घरी गेल्या खऱ्या, पण झोपल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, “नवरा दवाखान्यात अन् बायको पलंगावर.” ते वाक्य त्यांना पहाटेपर्यंत चावत राहिलं. सासूबाईंची मला चीड आली नाही. पोटचा मुलगा पडून आहे, भीती कुठं ठेवायची कळत नाही, ती सुनेवर निघते. पण त्यासाठी सुनेनं जागायचं हा उपाय नव्हे. दुसऱ्या वेळी मुलगी आजीजवळ झोपली आणि ताई शेजारणीकडे. त्या रात्री त्या सलग झोपल्या.

याच भेटींमध्ये मी आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवून होते. थकवा आणि नैराश्य यांत फरक आहे. झोप मिळाली, दोन घास नीट पोटात गेले, कुणी हातभार लावला की थकवा उतरतो. नैराश्य तसं उतरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नाही, झोपायला मिळूनही झोप येत नाही, आपण सगळ्यांना ओझं आहोत किंवा जगून काय उपयोग असे विचार येतात, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर मात्र त्या माणसाला एकटं न सोडता लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. लक्ष्मीताईंचा थकवा होता. यजमानांचं मात्र वेगळं निघालं. पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एकाला नैराश्य येतं. बोलता न येणाऱ्याचं ते सहज नजरेतून सुटतं, कारण तो सांगणार कसा? जेवण नाकारणं, व्यायामाला तोंड फिरवणं, सतत भिंतीकडे बघणं हे ताईंनी टिपलं आणि राऊंडला डॉक्टरांना सांगितलं. आता त्यांना त्यावर औषध सुरू आहे.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस पुन्हा माणसांची रीघ लागली. यावेळी दारातच मुलीनं कागद चिकटवला: भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा, खाऊ आणू नये. सासूबाईंना तो कागद अजून पटलेला नाही. दोनदा त्यांनी काढून टाकला, मुलीनं पुन्हा लावला. ताई दुपारी विड्या वळायला बसतात, तेवढा वेळ नणंद भावाचा व्यायाम घेते, लुळा हात खालून आधार देऊन कसा उचलायचा ते ती फिजिओथेरपिस्टकडून शिकून आली आहे. राग अजूनही येतो, असं ताईंनी मागच्या भेटीत सांगितलं. आला की त्या चमचा खाली ठेवतात, मुलीला हाक मारतात आणि अंगणात जाऊन उभ्या राहतात.