शौलाचं राज्य गेलं, मग दावीदाचं का राहिलं?

प्रश्न: नमस्कार दादा, आमच्या तरुण संघात सध्या बायबलमधलं पहिलं शमुवेल हे पुस्तक चालू आहे. इस्राएलचा राजा शौल याने शत्रूचा एक राजा आणि थोडी गुरंमेंढरं जिवंत ठेवली तर त्याचं राज्य गेलं, आणि त्याच्यानंतरच्या दावीद राजाने बथशेबेच्या पायी तिचा नवरा उरीया याचा जीव घेतला तरी तो गादीवर राहिला. हा पक्षपात नाही का? आणि आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बांधकाम फंडाचा हिशोब मागितला की "अभिषिक्ताला प्रश्न विचारायचा नसतो" (म्हणजे देवाने निवडून नेमलेल्याला, इथे पाळकाला) असं सांगून गप्प बसवतात, हे बरोबर आहे का?
– एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर: पक्षपात वाटतो खरा, पण अध्याय 15 सावकाश वाचा. शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचा, गुरंमेंढरांसकट, पूर्ण नाश करायचा शौलाला मिळालेला देवाचा तो हुकूम वाचताना आजही अंगावर काटा येतो, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, इथे फक्त शौल काय बोलतो तेवढंच बघा. संदेष्टा शमुवेल गिलगालला येतो तर शौल स्वतःच पुढे होऊन म्हणतो, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरांची बें बें कुठून ऐकू येतेय? तर म्हणे लोकांनी आणली, आणि तीसुद्धा यज्ञासाठी! यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं हे शमुवेलचं वाक्य याच जागेवरचं आहे. शेवटी शौल पाप केलं म्हणतो, पण लगेच जोडतो की लोकांची भीती वाटली, आणि मग विनंती काय तर वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. त्याआधीच कर्मेलला स्वतःचं स्मारक उभारून झालं होतं. आणि हे पहिल्यांदा नाही, अध्याय 13 मध्ये शमुवेलची वाट न बघता होमार्पण केलं तेव्हाही लोक पांगत होते, तू वेळेवर आला नाहीस, हीच कारणं.

दावीदाचं पाप मोठंच होतं, ते लहान करून सांगू नका. पण संदेष्टा नाथानने "तो मनुष्य तूच" असं तोंडावर म्हटल्यावर त्याने ना बथशेबेकडे बोट दाखवलं ना सेनापती यवाबाकडे, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं एवढंच बोलला. आणि क्षमा मिळाली म्हणून सुटला असंही नाही. बथशेबेपासून झालेलं मूल गेलं, मुलगा अम्नोन गेला, दुसरा मुलगा अबशालोम बापावरच उठला. गादी राहिली पण घर राहिलं नाही, हे आपल्याकडे उपदेशात फार कमी सांगतात याचं मला वाईट वाटतं.

आता अभिषिक्ताचं. "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" हे स्तोत्र 105 मधलं वचन अब्राहाम, इसहाक, याकोब परदेशात भटकत होते तेव्हा राजांनी त्यांना त्रास देऊ नये याबद्दल आहे, हिशोबाच्या वहीचा तिथे काही संबंध नाही. एन-गेदीच्या गुहेत दावीदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौलावर, तो अभिषिक्त म्हणून, हात टाकला नाही, पण बाहेर आल्यावर शौलाच्या झग्याचा कापलेला तुकडा दाखवून सगळ्यांदेखत जाब विचारलाच की. आणि पहिल्या शमुवेलचा अध्याय 12 तर प्रत्येक कमिटीने वाचावा. शमुवेल म्हातारा झालाय, केस पिकलेत, आणि सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाकडून लाच घेतली, सांगा, मी परत देतो. लोक म्हणाले काही घेतलं नाहीस. त्याचीच पोरं बैर-शेब्यात लाच खात होती हेही अध्याय 8 मध्ये लपवलेलं नाही. म्हणजे संदेष्टाच स्वतःहून हिशोब देतोय, मग आपल्या फंडाचा हिशोब मागितला तर त्यात देवाचा अपमान कसा होईल?

फक्त पद्धत सांभाळा. मत्तय 18 प्रमाणे आधी पाळकांना एकटं भेटा, ग्रुपवर मेसेज टाकू नका. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, आणि तरीही उत्तर नसेल तर वार्षिक सभेच्या आधी कमिटीला लेखी द्या, पावत्या आणि बँकेचं पासबुक सभेत ठेवा एवढीच मागणी करा, कोणाच्या हेतूबद्दल एक शब्दही लिहू नका.