प्रॉक्समॉक्स बसवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये व्हर्च्युअल मशीनचं (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेल्या स्वतंत्र संगणकांचं) सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर कंपनी ताब्यात घेतली आणि पाठोपाठ तिचे कायमस्वरूपी परवाने बंद केले. तेव्हापासून एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी कॉलेजं, पतसंस्था आणि छोटे कारखाने तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरचा विचार करू लागले आहेत. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: आमच्या सर्व्हरवर विंडोज आहे. डेटा तसाच ठेवून प्रॉक्समॉक्स टाकता येईल का?

नाही. इन्स्टॉलर तुम्ही निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो. आधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा आणि मगच पेनड्राइव्ह लावा.

प्रश्न: इन्स्टॉल करताना केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा लिनक्सचा भाग) उपलब्ध नसल्याचा मेसेज आला. दुकानदार प्रोसेसर बदला म्हणतो.

बदलू नका. बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बंद असतो. इंटेलवर तो व्हीटी-एक्स नावाने सापडेल, एएमडीवर एसव्हीएम. चालू करूनही मेसेज राहिला तर मॉडेल नंबर घेऊन सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टला विचारा. ज्याला प्रोसेसर विकायचा आहे त्याला नको.

प्रश्न: लॉगिन केलं की ‘सबस्क्रिप्शन नाही’ अशी चौकट येते, अपडेटला ४०१ एरर येते. व्हेंडर म्हणतो हे ट्रायल आहे, महिन्याभरात बंद पडेल, आमच्याकडून लायसन्स घ्या.

धादांत खोटं आहे. प्रॉक्समॉक्स मुक्तस्रोत आहे, त्याला मुदत नाही. ४०१ एरर येते कारण सुरुवातीला एंटरप्राइझ रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ते भांडार) चालू असते आणि ती पैसे भरलेल्यांसाठी आहे. ती बंद करून नो-सबस्क्रिप्शन रिपॉझिटरी चालू करा, अपडेट येतील. मात्र तिथली पॅकेजेस तितकी तपासून आलेली नसतात, हे कंपनी स्वतःच सांगते. म्हणून ज्यांचा रोजचा व्यवहार या सर्व्हरवर आहे त्यांनी सबस्क्रिप्शन जरूर घ्यावं, पण भीतीपोटी नाही. दर प्रोसेसर सॉकेटवर ठरतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेला आहे. तो व्हेंडरच्या कोटेशनशी ताडून बघा. आणि ती चौकट घालवणारी स्क्रिप्ट कुठून तरी उचलून रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, चालवू नका.

प्रश्न: हार्डवेअर रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी बिघडली तरी डेटा टिकवणारं कार्ड) झेडएफएस, म्हणजे तेच काम सॉफ्टवेअरने करणारी फाइल सिस्टिम, लावलं तर दुहेरी सुरक्षा मिळेल ना?

नाही. झेडएफएसला डिस्क थेट दिसाव्या लागतात. कार्ड एचबीए मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा पुढे दाखवणाऱ्या) जातं का ते उत्पादकाला विचारा. जात नसेल तर रेड कार्डाचंच ठेवा आणि वर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची सोय) लावा. दोन्हींपैकी काहीही निवडलंत तरी बॅकअप वेगळा लागतोच.

प्रश्न: आमची पतसंस्था आहे. सपोर्टसाठी व्हेंडरने राउटरवर ८००६ पोर्ट (प्रॉक्समॉक्सच्या व्यवस्थापनाच्या पानाचा) बाहेरून उघडायला सांगितला. पासवर्ड तगडा आहे. चालेल का?

चालणार नाही. उघडला असेल तर हे वाचून होण्याआधी बंद करा.

८००६वर जे पान उघडतं तिथून प्रत्येक व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल, प्रत्येक डिस्क आणि डिलीटचं बटण हाताशी असतं. बॅकअपचं स्टोरेजही बहुतेक ठिकाणी तिथूनच जोडलेलं असतं. एका लॉगिनमागे तुमच्या सभासदांच्या ठेवींचा सगळा हिशोब आहे.

तगड्या पासवर्डवर विसंबू नका. फेब्रुवारी २०२३मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरचे हजारो ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर गाठले. तेव्हा बोट दाखवलं गेलं ते ओपनएसएलपी सेवेतल्या एका जुन्या भोकाकडे. त्या भोकातून शिरायला पासवर्ड लागत नाही, आणि त्यावरचा पॅच फेब्रुवारी २०२१पासून उपलब्ध होता. ज्यांनी पॅच टाकला नाही आणि सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवला, ते सापडले. ‘ते व्हीएमवेअरचं होतं, आमचं प्रॉक्समॉक्स आहे’ हे उत्तर मला मान्य नाही. भोक कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये निघू शकतं.

पोर्टचा नंबर बदलूनही काही लपत नाही, स्कॅनर सगळेच पोर्ट चाचपतात. खात्री हवी असेल तर सर्व्हरचा जर्नल (घडामोडींची नोंदवही) उघडून ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’ शोधा. उघड्या सर्व्हरवर अशा ओळींची रांग दिसते: दर थोड्या वेळाने वेगळा आयपी, युजर मात्र तोच, रूट.

व्हेंडरला आत यायचं असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून (बाहेरून आत येण्याच्या बंदिस्त, सुरक्षित वाटेने) येऊ द्या. त्याला रूट देऊ नका. त्याच्या नावाचा वेगळा युजर करा, कामापुरतेच अधिकार द्या, टू-फॅक्टर चालू करा. ही सोय प्रॉक्समॉक्समध्येच आहे. मॅनेजमेंटचं नेटवर्क काउंटरवरच्या पीसींपासून वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरचं स्वतंत्र नेटवर्क) ठेवा. बॅकअप सर्व्हरचा पासवर्ड वेगळा हवा, आणि प्रॉक्समॉक्सकडून तिथे जाणाऱ्या युजरला जुने बॅकअप पुसण्याचा अधिकार नको. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावा लागतो आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्याची तजवीज आत्ताच करा.

पोर्ट आधीपासून उघडा असेल तर नुसता बंद करून भागत नाही. अनोळखी युजर, एपीआय टोकन (पासवर्डशिवाय आत येऊ देणाऱ्या किल्ल्या), क्रॉनमधल्या (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी तपासायला हव्यात, आणि हे काम पोर्ट उघडायला सांगणाऱ्याकडे देऊ नका. स्वतंत्र नेटवर्क इंजिनिअर बोलवा, लेखापरीक्षकालाही कळवा.

प्रश्न: दोन सर्व्हर जोडून त्यांचं क्लस्टर केलं. एक बंद पडला की दुसऱ्यावर मशीन सुरूच होत नाही.

क्लस्टरमध्ये प्रत्येक सर्व्हरचं एक मत असतं आणि काम चालायला बहुमत लागतं. दोनपैकी एक मत म्हणजे बहुमत नव्हे, म्हणून क्लस्टर थांबतं. तिसऱ्या मतासाठी वेगळ्या छोट्या मशीनवर क्यूडिव्हाइस ही फक्त मत देणारी सेवा लावा. एकाच मताने चालवण्याची कमांड तुम्हाला कोणीतरी देईल. दुसरा सर्व्हर खरोखर बंद आहे हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ती वापरू नका. एकच मशीन दोन्हीकडे चालू झालं तर डिस्कवरचा डेटा बिघडतो. क्लस्टर केलेल्या माणसाकडून एकदा तपासून घ्या.

प्रश्न: ईएसएक्सआय ६.७ नीट चालू आहे. मार्चअखेर झाल्यावर बदललं तर?

कुठल्या वर्षाचा मार्च? ६.७चा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ला संपला, ७चाही २ ऑक्टोबर २०२५ला. इतका काळ तुम्ही सुरक्षा पॅचशिवाय आहात. हलवणं आता तितकं अवघड नाही. २०२४पासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून मशीन थेट आयात करता येतं. विंडोजमधून आधी व्हीएमवेअर टूल्स काढा आणि व्हर्टआयओ (प्रॉक्समॉक्सची व्हर्च्युअल डिस्क ओळखणारे) ड्रायव्हर टाका, नाहीतर पलीकडे डिस्कच दिसणार नाही. सुरुवात सर्वांत कमी महत्त्वाच्या मशीनपासून करा आणि जुना सर्व्हर लगेच पुसू नका. मात्र अकाउंटिंग सॉफ्टवेअर हलवण्याआधी ते देणाऱ्या कंपनीशी बोला. काही परवाने मशीनच्या ओळखीला बांधलेले असतात आणि नव्या जागी पुन्हा सुरू करून घ्यावे लागतात. तो फोन आज करा, मार्च संपायची वाट पाहू नका.