थॉमस : ट्रॅकवरचा की रस्त्यावरचा?

पॅरिस ऑलिंपिकपासून फ्रान्सचा सायकलपटू बेंजामिन थॉमस याच्याविषयी तेच ते प्रश्न येत आहेत. त्यांपैकी चार येथे घेतो.

प्रश्न : थॉमस ट्रॅकचा खेळाडू की रस्त्यावरचा?

उत्तर : दोन्हींचा. (ट्रॅक म्हणजे सायकल शर्यतींसाठी बांधलेली खास गोलाकार धावपट्टी.)

प्रश्न : रस्त्यावर जमले नाही म्हणून तो ट्रॅककडे वळला, असे ऐकले. खरे काय?

उत्तर : ऐकीव आणि चुकीचे. २०१७ मध्ये हाँगकाँगला ऑम्नियम (चार शर्यतींचे गुण मिळून ठरणारा) व मॅडिसन (दोघांच्या जोडीने आळीपाळीने धावायचा) या ट्रॅकवरच्या दोन्ही प्रकारांत तो जगज्जेता झाला, तेही एफडीजे या रस्त्यावरच्या व्यावसायिक संघात जाण्यापूर्वी. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये त्याने रस्त्यावरच्या टाइम ट्रायलचे (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) फ्रेंच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, मे २०२४ मध्ये कोफिडिस या संघाकडून जिरो दि इटालिया या इटलीतील अनेक टप्प्यांच्या रस्त्यावरच्या शर्यतीचा लुक्का येथील टप्पा जिंकला आणि तीनच महिन्यांनी ऑम्नियमचे ऑलिंपिक सुवर्ण. कृपया ही अफवा पुढे पाठवू नका.

प्रश्न : पॅरिसमध्ये तो पडूनही जिंकला. माझी मुलगी सरावात डोक्यावर पडली, पण लगेच उठली. सराव चालू ठेवावा का?

उत्तर : नाही; आजच डॉक्टरांना दाखवा. थॉमस पडला तो ऑम्नियमच्या चौथ्या आणि शेवटच्या शर्यतीत, म्हणजे १०० फेऱ्यांच्या पॉइंट्स रेसमध्ये (वाटेत गुण मिळवत जाण्याची शर्यत). त्या शर्यतीत पडलेल्या खेळाडूला ठरावीक फेऱ्या न चालवण्याची सूट मिळते आणि वैद्यकीय पथक ट्रॅकपाशीच असते. तुमच्या मुलीच्या सरावाला यातले काय होते? डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. ज्याला मार बसला आहे त्याला स्वतःची अवस्था नीट सांगता येत नाही, म्हणून ‘मी बरी आहे’ या शब्दांवर विसंबू नका आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय तिला सायकलवर बसवू नका. हेल्मेटही बदला. बाहेरून एक ओरखडाही नसला तरी आतला फोम दबलेला असू शकतो आणि दबलेला फोम पुढचा आघात झेलत नाही. ‘थोडेच वापरलेले’ हेल्मेट स्वस्तात खपवणाऱ्यांकडून तर ते घेऊच नका, कारण ते किती वेळा आपटले आहे, हे विकणारा सांगत नाही.

प्रश्न : ट्रॅकची सायकल रस्त्यावर चालवल्याने पाय लवकर तयार होतात, असे दुकानदार म्हणतो. मुलासाठी घ्यावी का?

उत्तर : रस्त्यासाठी मुळीच नाही. तिला ब्रेक नसतात आणि चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, म्हणून तेथे ते चालते. थॉमससुद्धा रस्त्यावर ब्रेकची, गिअरची सायकलच चालवतो. मुलाला ट्रॅकवर उतरवायचे असेल, तर आधी प्रशिक्षकांना भेटा आणि सायकलचे माप त्यांच्याकडून ठरवून घ्या. तोवर दुकानात पैसे भरू नका.