सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) आत्ता घेऊ की जीटीए ६ हा गेम येईपर्यंत थांबू? आणि घ्यायचाच तर डिस्कवाला की डिजिटल?

तुम्ही लिहिलंय की पंचावन्न हजार बाजूला काढलेत, आयुष्यातला पहिलाच कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) आहे, डिस्क न लागणारं, गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं डिजिटल मॉडेल स्वस्त पडतंय आणि मित्र म्हणतात, 'थांब, जीटीए ६ आला की किमती उतरतील.' उत्तर आधीच देऊन टाकतो. थांबू नका, आणि दोन-पाच हजार कमी पडत असतील तर महिनाभर आणखी साठवा, पण डिस्कवालाच घ्या.

मी कोपरखैरण्यात राहतो, नोकरी ऐरोलीत. पीएस२ पासून खेळतोय. थांबलं की स्वस्त होतं, हे त्या काळी अगदी खरं होतं. पीएस२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ झाला आणि २००९ मध्ये ९९. तुमच्या मित्रांच्या डोक्यात तोच हिशोब बसलाय. या पिढीत मात्र सगळं उलटं झालंय. आपल्याकडे डिस्कवाला पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. अमेरिकेत ४९९ डॉलरचा पीएस५ ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ वर गेला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सची किंमत तर २०२५ या एकाच वर्षात दोनदा वाढली, ४९९ वरून ६४९ वर. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी चिप लहान व्हायची आणि बनवायला स्वस्तही पडायची, तो फायदा आता जवळपास संपलाय. त्यात अमेरिकेतलं आयात शुल्क. आणि २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप इतक्या उचलल्या की रॅमचे भाव भडकले. कन्सोलमध्येही तीच मेमरी लागते. त्यामुळे सोनीची सणासुदीची किंवा उन्हाळ्याची चार-पाच हजारांची सूट दिसली की घेऊन टाका. त्यापेक्षा मोठ्या उताराची वाट बघण्यात अर्थ नाही.

जीटीए ६ चं म्हणाल तर तो बनवणाऱ्या रॉकस्टारने आधी २०२५ सांगितलं, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली. एका गेमच्या भरवशावर हात बांधून बसू नका. पीएस४ चे चार हजारांवर गेम आहेत आणि त्यातले जवळजवळ सगळे पीएस५ वर चालतात. पहिलं वर्ष त्यातच मजेत जाईल.

आता डिस्कचं. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानदार हे सांगत नाही.

सोनीचा मोठा नवा गेम आपल्याकडे ४,९९९ रुपयांना असतो. डिजिटल घेतला की ते पैसे गेले, गेम कुणाला देता येत नाही की विकता येत नाही. डिस्कचा हिशोब वेगळा. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' मी २,२०० ला जुना घेतला, दीड महिना रात्री जेवणं झाल्यावर खेळलो आणि २,००० ला दिला. म्हणजे तो अख्खा गेम मला दोनशे रुपयांत पडला. ठाणे-वाशी लोकलच्या पट्ट्यात माझ्यासारखे बरेच आहेत. अदलाबदल बहुतेक स्टेशनवरच होते, दोघांपैकी कुणालाच वाट वाकडी करावी लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात घणसोली स्टेशनवर कळव्याचा एक कॉलेजचा मुलगा आला होता. पाठीवरची सॅक पोटाशी धरलेली, आत प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्कची डबी, डबीभोवती रुमाल. 'दादा, घरी चालवून बघितलीये, एकदम ओके आहे,' म्हणाला. तरी मी मोबाईलचा टॉर्च लावून डिस्क तिरकी धरली, कारण बघायचं कसं ते कळलं पाहिजे. या डिस्क ब्लू-रे प्रकारच्या. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत तो ०.६ आत असायचा. म्हणून ब्लू-रेवर कडक लेप देतात. केसासारख्या बारीक रेघा असल्या तर काही बिघडत नाही. नख फिरवल्यावर अडकेल असा ओरखडा असेल तर घेऊ नका, आणि मधल्या भोकाच्या कडेला तडा नाही ना तेही बघा. त्या मुलाची डिस्क आरशासारखी होती. माझा फुटबॉलचा गेम त्याला दिला, वर पाचशे रुपये घेतले. (फुटबॉलचे गेम ऑगस्टच्या आत विकून मोकळं व्हायचं. सप्टेंबरात नवा आला की जुन्याला कुणी विचारत नाही.)

माझ्या धाकट्या भावाने मात्र डिजिटल घेतला. चार वर्षांत त्याने तीसेक हजारांचे गेम घेतलेत. मागच्या महिन्यात कन्सोल विकायला काढला तर त्याला फक्त यंत्राचे पैसे मिळाले. गेम त्याच्या अकाउंटला बांधलेले, दुसऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही. माझ्या घरी आला तेव्हा कपाटातल्या गेमच्या निळ्या डब्यांच्या रांगेकडे बराच वेळ बघत बसला होता. मला फार वाईट वाटलं.

आणि प्रश्न नुसता पैशांचा नाही. डिजिटल घेताना आपण गेम विकत घेत नाही, तो खेळायचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू झालाय की दुकानाने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. अर्थात डिस्क असली म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' ३१ मार्च २०२४ ला बंद झाला, तो डिस्कवर घेतलेल्यांचाही बंद झाला, कारण सर्व्हरशिवाय तो सुरूच होत नव्हता. त्यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. माझा त्या मोहिमेला मनापासून पाठिंबा आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू कंपनीने तिकडे बसून निकामी करावी, हे मला कधीच पटणार नाही.

पीएस५ प्रो या महागड्या मॉडेलचा मोह होत असेल तर तो सोडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये इतरत्र आला तेव्हा आपल्याकडे आलाच नाही, कारण त्यातल्या वाय-फाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात खुला नव्हता. शिवाय आला तेव्हा ७०० डॉलर किंमत असूनही त्यात डिस्क ड्राइव्ह नव्हता, तो वेगळा घ्यायचा. निन्टेंडोचा स्विच २ छान आहे, पण बाहेरून आणलेला घ्यावा लागतो आणि वॉरंटीची अडचण येते. एक्सबॉक्सचा आग्रह मी आता कुणालाच करत नाही. त्याचेच 'फोर्झा होरायझन ५' आणि 'गिअर्स ऑफ वॉर' हे गेम पीएस५ वर आलेत, 'हेलो'चीही घोषणा झालीय.

गेम इंडस्ट्रीबद्दल माझं मतही तुम्ही विचारलंत. मला राग आहे तो मोठ्या कंपन्यांच्या हावरेपणाचा. मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरला ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी घेतली, तो व्यवहार ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. जानेवारी २०२४ मध्ये गेमिंगमधल्या १,९०० लोकांना घरी पाठवलं आणि मे महिन्यात टँगो गेमवर्क्स बंद करायचं जाहीर केलं. 'हाय-फाय रश' करणारा तो स्टुडिओ! इतका आनंदी गेम मी दहा वर्षांत खेळलो नव्हतो. नशीब की पुढे क्राफ्टन या दुसऱ्या कंपनीने तो स्टुडिओ घेतला.

पण याच काळात फ्रान्सच्या माँपेलिएमधल्या तीसेक जणांच्या सँडफॉल या स्टुडिओने 'क्लेअर ऑब्स्क्युर' हा गेम काढला, ५० डॉलरला, आणि २०२५ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. आणि आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' विसरू नका. २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन होतं. भावाला शोधणारी मुलगी, हातात त्रिशूळ, आणि आपल्या देवदेवतांच्या गोष्टी. लढाई कुठेकुठे अडखळते, तरी खेळताना ऊर भरून येतो.

तर कन्सोल डिस्कवाला, एकच जादा कंट्रोलर, आणि पहिले दोन गेम जुने घ्या. तुम्ही नवी मुंबईत किंवा ठाण्यात असाल तर इथेच उत्तर लिहा. माझ्याकडे 'ॲस्ट्रो बॉट'ची डिस्क आहे, ती पहिली तुम्ही खेळा. महिनाभराने कोपरखैरणे स्टेशनवर परत आणून द्या.