शास्त्रीय गायनातलं काहीच कळत नाही, ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की गाणं शिकलेलं नाही, राग ओळखता येत नाहीत, ख्याल लावला की दहा मिनिटांत लक्ष उडतं, पण ऐकायची इच्छा मनापासून आहे. मीसुद्धा गाणं शिकलेली नाही. वीसेक वर्षं नुसती ऐकते आहे, आणि सुरुवातीला माझंही अगदी असंच व्हायचं.

रागांची माहिती वाचत बसला असाल तर ती तूर्त बाजूला ठेवा. थाट, वादी-संवादी, रागाची वेळ, घराणी, हे सगळं पुढे कामाला येतं आणि तेव्हा त्याची गोडीही लागते. आज त्याचं ओझंच होईल. आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडायला शिका.

मला ती मावशीने दाखवली. तिच्याकडे भीमसेन जोशींची द्रुत, म्हणजे जलद, तीनतालातली बंदिश (रागात बांधलेलं गीत) लागली होती आणि मी कंटाळून विचारलं, "एवढं आऽ आऽ कशासाठी?" ती म्हणाली, "गाण्याकडे बघू नकोस. तबल्याकडे कान दे. डग्गा गप्प झाला की मला सांग." मी कान दिला. तीनतालाच्या एका आवर्तनात, म्हणजे एका फेरीत, सोळा मात्रा (ठोके) असतात. ठेका साधारण असा चालतो: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. यातल्या 'तिं तिं ता ता'ला डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि नुसता उजव्या तबल्याचा कोरडा नाद उरतो. दोन-तीन आवर्तनं चुकले, मग मला ते ऐकू आलं. "गप्प झाला," मी म्हटलं. लगेच ती म्हणाली, "आता परत घुमेल, आणि घुमला की तीन मात्रांत सम." तोवर भीमसेनजींची तान, म्हणजे स्वरांची जलद लड, वर कुठेतरी पोचली होती, तिथून ती खाली कोसळत आली, आणि बंदिशीच्या पहिल्या ओळीचा शब्द बरोबर समेवर पडला. माझी मान आपोआप हलली. त्या आधीच्या सगळ्या तानेला एकदम अर्थ आला, कारण ती कुठे पोचायला निघाली होती ते मला आधीपासून माहीत होतं.

म्हणून पहिले काही दिवस फक्त द्रुत तीनताल ऐका आणि दुसरं काही समजून घ्यायचा प्रयत्न करू नका. डग्गा गप्प, डग्गा परत, सम. इतकंच.

मग विलंबिताकडे वळा. तिथे बरेचदा बारा मात्रांचा एकताल असतो आणि लय इतकी संथ की एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं. मात्रा मोजायला जाऊ नका, हाती लागत नाहीत. तिथे मुखडा धरायचा: बंदिशीची पहिली ओळ, जी म्हणत गायक दर वेळी समेवर येतो. दोन मुखड्यांच्या मधे तो काय करतो, तेच ऐकायचं असतं. तुम्हाला कंटाळा येतो तो बहुतेक इथे, कारण शब्द पुढे सरकत नाहीत. पण ख्यालात शब्द असतात जेमतेम चार ओळी, त्याही बऱ्याचदा ब्रज भाषेत. गोष्ट घडते ती स्वरांची.

राग एकच घ्या. मी भूप सुचवेन. सा रे ग प ध, म्हणजे षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम, धैवत, पाचच स्वर, मध्यम (म) आणि निषाद (नि) नाहीत. किशोरी आमोणकरांचा भूप लावा आणि एवढंच बघा की नवा स्वर केव्हा येतो. सुरुवातीला सगळा मुक्काम षड्जाभोवती आणि खालच्या धैवताकडे. मग ऋषभाला स्पर्श होतो, मग गंधार येतो आणि त्या गंधारावर बाई किती वेळ थांबतात ते बघा. पंचम नुसता दिसतो आणि पुन्हा गंधाराकडे परततात. अशा वेळी तुमच्या मनात 'आता वर जा ना' अशी घाई व्हायला लागेल. ती झाली की समजा तुम्ही ऐकताय. कारण वरचा षड्ज लागतो तेव्हा तो आनंद फक्त वाट बघितलेल्या माणसाला होतो, मधेच येऊन ऐकणाऱ्याला तो स्वर नुसता उंच वाटतो.

यासाठी तंबोरा कानात भरलेला हवा. चार तारा: बहुतेक रागांत पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. गाणं लावायच्या आधी पाच मिनिटं नुसता तंबोरा ऐका, हलकेच 'सा' लावून बघा. गाता येत नसलं तरी लावा. घर कुठे आहे ते कळल्याशिवाय गायक किती लांब गेला हे कसं कळणार?

तासभर बसणं खरोखरच जमत नसेल तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्डी घ्या. खाँसाहेब १९३७ साली गेले. तेव्हाच्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, त्यामुळे सगळा राग तेवढ्यात बसवायला लागायचा. खरखर आहे, पण त्यांनी लावलेल्या स्वराची आर्तता त्या खरखरीतूनही पोचते. माझ्या मते नवख्या कानाला याहून चांगली शाळा नाही.

राग आणि गायक रोज बदलू नका. महिनाभर भूपच ऐका, मग तोच दुसऱ्या कुणाकडून. मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं सुरुवातीला जड जाईल, तान कुठून निघाली आणि कुठे वळली ते कळायच्या आत ते पुढे गेलेले असतात. तसं झालं तर खुशाल बंद करा, वर्षभराने परत या. जमेल तेव्हा समोर बसून मैफल ऐका आणि सुरुवातीपासून बसा, तंबोरे जुळवताना सुद्धा. गायकाचा हात हवेत स्वराची जागा दाखवत असतो, ते रेकॉर्डमध्ये मिळत नाही.

भूप पुरेसा मुरला असं वाटलं की एखाद्या सकाळी देशकार राग लावा. तेच पाच स्वर, एकही वेगळा नाही. पण इथे गंधारावर विसावा नाही, सगळा जीव धैवतात आणि चाल वरच्या अंगाला. आधी वाटेल भूपच चाललाय. मग कुठेतरी तुम्ही सवयीने गंधारावर थांबायची वाट बघाल, आणि गायक न थांबता धैवताकडे निघून जाईल.